कुलूप लावलेला हात

मोबाइल उलटे ठेवा आधी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्येच दात काढलेले मला चालणार नाहीत. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या साडूच्या घरात घडलेली आहे.

साडू मटणाच्या कारखान्यात फिटर. तिथे मेंढ्या कापायला आता माणसं नाहीत. सोललेलं धड आकड्याला लटकून येतं आणि पिंजऱ्यातला यंत्राचा हात करवतीने ते मधोमध चिरतो. त्या हाताला शिकवलं साडूच्याच वडिलांनी. उभा जन्म सुरी चालवलेला माणूस. खांद्यापासून मनगटापर्यंत वायरी बांधून त्यांच्याकडून काम करून घेतलं. ते तयार नव्हते, साडूनेच गळ घातली. यंत्र शिकलं, म्हातारा घरी बसला आणि त्याच पावसाळ्यात गेला. शेवटपर्यंत मुलाशी बोलला नाही.

म्हाताऱ्याची एक सवय होती. चिरण्याआधी हात उलटा करून कण्यावरून एकदा सावकाश खाली फिरवायचा. का, ते कधी कुणाला सांगितलं नाही. यंत्रानेही ते उचललं होतं. वेळ जातो म्हणून साहेबांनी ते काढायला लावलं. काढलं साडूनेच.

तर, डिसेंबरातला शेवटचा शनिवार. रात्री दीडला काम थांबलं आणि धुलाई सुरू झाली. धुलाईला माझी मेहुणी, म्हणजे साडूची बायको. पिंजऱ्यात कुणी शिरायच्या आधी बाहेरचा विजेचा खटका बंद करून त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात ठेवायची, हा तिथला नियम. साडूने कुलूप घातलं, ओढून पाहिलं.

"आटप गं लवकर. डोळे मिटायला लागलेत माझे."

"मग या की आत, धरा पाइप," असं म्हणत ती आत गेली.

ती पाठमोरी होती. पाण्याच्या आवाजात तिला काही कळलं नाही. तिच्यामागे हात उठला. यंत्रावरचा दिवा लागलेला नाही. मोटरचा आवाज नाही.

साडू खटक्याकडे धावला. कुलूप जागच्या जागी. किल्ली खिशात. बंद करायचं तरी काय... सगळं बंदच होतं. पिंजऱ्याचं दार ओढलं. हलेना.

हात तिच्या मानेशी आला. मनगट वळलं. करवत बाजूला झाली... आणि उलट्या बाजूने तिच्या पाठीवरून खाली. सावकाश. एकदाच.

तिच्या हातून पाइप सुटला.

साडू जाळी धरून म्हणाला, "बाबा... तिला नका. तिचं काय चुकलं?"

त्याने जाळी गदागदा हलवली.

"बाबा, मी इकडे आहे. मला..."

करवत फिरून समोर आली. तिच्या मानेच्या वर... थांबली. साडू म्हणतो, एवढा लाचार मी जन्मात झालो नव्हतो. रडता येईना, डोळे मिटता येईनात.

किती वेळ, देव जाणे. मग हात खाली गेला. दार नुसतं ओढल्यावर उघडलं.

तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. रबरी एप्रन, स्वेटर, ब्लाउज, सगळं धड. सकाळी कपडे बदलताना माझ्या बायकोने पाहिलं, सख्खी बहीण ती. मानेपासून कमरेपर्यंत एक पांढरी रेघ. केसाएवढी बारीक. दुखत नाही, बोटाला लागत नाही. अजून आहे.

डॉक्टरने पाठीचा फोटो काढला. तिच्या कण्याला मध्ये, डावीकडे, जरासा बाक निघाला. जन्मापासूनचा. तिला स्वतःलाही माहीत नव्हता.

रेघ बरोबर तिथेच वळते...