सहावी विनंती

चैत्रातली दुपार. जळगावच्या आमच्या ऑफिसात कूलरमधून वाळ्याचा ओला वास येत होता. मी लॅपटॉपवरच सर्व्हर चालवून रुग्णवाहिका बोलावण्याच्या साइटवरची मर्यादा तपासत होतो. एका फोनवरून तासाला पाच विनंत्या. सहावीला उत्तर, ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा.’ टवाळखोरांना आळा बसावा म्हणून हा नियम मीच घातला होता, आणि स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला एक पाडा आहे. तिथे साइट उघडेल असा फोन एकच, वेस्ताचा. रेंज फक्त टेकडीवरच्या मोहाच्या झाडाखाली. गेल्या महिन्यात पाड्यावर जुलाबाची साथ आली. वेस्ताने रीतीप्रमाणे शेजाऱ्यांची पाच नावं आधी भरली, घरचं शेवटी. त्याची बायको धनीबाई सहावी होती.

पाच जण वाचले. मी माफी मागायला गेलो, माझा नंबर देऊन आलो. वेस्ता म्हणाला, “तुना काय दोष, भाऊ.” तेव्हापासून मला घास गिळवत नाही.

आज नियम बदलायला बसलो होतो. पाच खोट्या विनंत्या सोडल्या. सहावी सोडलीच नव्हती, तरी स्क्रीनवर उमटली. नंबर वेस्ताचा. नाव धनीबाई. खाली, ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा.’

“जुनी नोंद राहिली असेल,” शेजारच्या टेबलावरून मेघा म्हणाली.

सगळ्या नोंदी पुसल्या. इंटरनेट तोडलं. पुन्हा पाच सोडल्या. पुन्हा सहावी आली.

मर्यादा दहा केली. दहा होईपर्यंत ती थांबली, अकरावी आली. पन्नास केली. एक्कावन्नावी आली. मेघा खुर्ची ओढून माझ्यामागे येऊन बसली होती.

“हितेंद्र, बंद कर ते.”

“एकदा तरी जाऊ दे गं तिला.” माझा आवाज मलाच ओळखू येईना.

कोडमधल्या मर्यादेच्या ओळीच काढून टाकल्या. एकही खोटी विनंती सोडली नाही.

कूलरच्या हवेत मोहाच्या फुलांचा वास आला.

‘धनीबाई. विनंती स्वीकारली. गाडी निघाली.’

लॅपटॉप कशालाच जोडलेला नव्हता. मी रडत होतो, आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं.

तासाभराने फोन वाजला. वेस्ता. मागे इंजिनाची घरघर चालू होती.

“गाडी उनी, भाऊ,” तो हळू म्हणाला. “झाडखाले उभी शे. गाडीमा कोनी नही. दार उघडं शे.”

मी स्क्रीनवरचं धनीबाईचं नाव पुन्हा वाचलं.

“आते कोणले बसाडू?”