दहाची उपासना

उन्हाळा लागला की पांढरकवड्याजवळच्या त्या गावात चर्चची वेळ बदलते. तापल्या पत्र्याखाली दहा वाजता कोण बसणार? म्हणून ईस्टर झाला की रविवारची उपासना सकाळी साडेसहाला. त्याच सुमारास पाळकसाहेब सुट्टीवर नागपूरला जातात. चर्चची किल्ली मग विमलताईंकडे यायची. यंदा ती त्यांच्या लेकीकडे, दीपाकडे आली, कारण विमलताई फेब्रुवारीतच वारल्या होत्या.

दीपा शाळेत गणित शिकवायची. कारणाशिवाय काही घडतं हे तिला पटतच नसे. आई गेल्यावरही ती रडली नव्हती. माणसं जेवू घालण्यात, कागदपत्रांत गुंतून राहिली, आणि मग रडायचं राहूनच गेलं.

सुट्टीतल्या पहिल्या रविवारी तिनं उपासनेनंतर सतरंज्या गुंडाळल्या, माठ भरून ठेवला, कुलूप लावलं. संध्याकाळी दिवा लावायला आली तर बायकांच्या बाजूला सतरंजी अंथरलेली आणि माठ रिकामा. माठ पाझरत असेल म्हणावं, तर खालची तिवई कोरडी ठणठणीत. बरं, सतरंजी काही कबुतरं अंथरत नाहीत. माठावर पेला पालथा घातलेला होता. अख्ख्या मंडळीत पेला पालथा घालायची शिस्त एकट्या आईला होती.

दुसऱ्या रविवारीही तेच झालं. मग तिनं मंडळीतल्या सगळ्यात जुन्या माणसाला, धावजीकाकांना गाठलं. काका निंबाखाली बाज विणत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पण हात थांबवला नाही.

"तुही माय दरसाल कब्रस्तानात जाऊन नवा टाइम सांगून येत होती," ते म्हणाले. "एकेका कबरीपाशी. यंदा कोणी सांगतला?"

"काका, तिथं कोणाले सांगाचं?"

"मले काय माहीत? तिच्या सासूनं तिले शिकवलतं. तिनं तुले नाही शिकवलं काय?"

नव्हतं शिकवलं. किंवा शिकवलं असेल आणि दीपानं हसण्यावारी नेलं असेल.

तिसऱ्या रविवारी दहाच्या सुमारास ती चर्चच्या पायरीवर येऊन बसली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पत्रा कडकड वाजत होता. आत लुगड्यांची सळसळ झाली, कुणी खाकरलं, मग गाणं सुरू झालं. दबक्या आवाजात, पुष्कळ जणांचं. त्यात एक आवाज प्रत्येक ओळीच्या शेवटी मागे राहत होता.

आई अशीच गायची. सगळे थांबल्यावर तिची ओळ संपायची.

दीपाला रडू फुटलं. किल्ली मुठीत होती, पण हात कुलपाकडे जाईना.

त्या आठवड्यात ती कब्रस्तानात गेली. स्वतःचीच लाज वाटत होती, तरी प्रत्येक कबरीपाशी थांबून तिनं साडेसहाची वेळ सांगितली. शेवटी आईची कबर आली. माती अजून नीट बसली नव्हती. दीपानं तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. आई साडेसहाला आली तर एवढ्या गर्दीत तिचा आवाज कसा ओळखू येणार? दहाला मात्र ती एकटीच असेल. दीपा काही न सांगता परतली.

पुढच्या रविवारी दहाला आत एकच आवाज होता.

दीपा दाराला गाल लावून ऐकत राहिली. गाणं संपलं. या वेळी तिनं कुलूप काढलं.

आत कोणी नव्हतं. सतरंजी अंथरलेली होती, दोघींपुरती.

माठावर दोन पेले पालथे होते. दोन्ही ओले. एक चर्चचा.

दुसरा स्टीलचा, तिच्या लग्नात आईनं दिलेला. काठाखाली नाव कोरलेलं होतं, दीपा. सकाळी त्यातून पाणी पिऊन तो तिनं घरच्या मांडणीवर ठेवला होता.