बोरटेकडीचा पहिला फोन

बसा गा जवळ. गाडी तुमची उद्याच येईल, अन् ते केबलचे रीळ इथून कोणी नेत नाही. तुमी त्या काचेच्या तारेतून गावोगावी इंटरनेट नेऊन राहिले, चांगलं काम आहे. आमच्या वक्ती तांब्याची तार होती. तीस वर्षं लाइनवर काढले मी. सांगतो ते माझ्या सोबत्यावर गुदरलेलं आहे. श्रीधर मेश्राम. दारूले शिवत नव्हता अन् खोटं बोलत नव्हता, एवढं आधी ध्यानात घ्या.

सन ब्याऐंशीची गोष्ट. सावनेरहून सात मैलांवर बोरटेकडी म्हणून गाव. रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी, मधात एक नाला. तिथं गावातला पहिला फोन लागणार होता. त्याच्यासाठी चार वर्षं अर्ज करणारा माणूस एकच, देवराव. गावचं पोस्ट त्याच्याच घरच्या समोरच्या खोलीत चाले. त्याची बायको इंदूबाई बाळंतपणात गेली होती. लोक सांगत, देवराव त्या रात्री डॉक्टर आणाले सावनेरपर्यंत धावत गेला. पण डॉक्टर घेऊन परतला तवा उन्हं वर आली होती, अन् मायलेक दोघंही संपले होते. तवापासून ह्या माणसानं एकच ध्यास घेतला. गावात फोन पाहिजे.

खांब अन् तारा आमी आठ दिवसांआधीच ओढून ठेवल्या होत्या. राहिलं होतं फक्त फोन जोडणं. अठरा नोव्हेंबर, गुरुवार, भाऊबीजेचा दुसरा दिवस. शुक्रवारी सकाळी दहाले उद्घाटन. श्रीधर दुपारी सायकलच्या कॅरियरवर फोनची पेटी बांधून निघाला. वाटेत चाक पंक्चर झालं, ते काढण्यात वेळ गेला, म्हणून पोचता पोचता अंधार पडला. देवरावनं त्याले चहा पाजला अन् कंदील धरून उभा राहिला. गावात वीज होती, पण त्या दिवशी नव्हती. सव्वासातले जोडणी झाली.

श्रीधरनं हँडल फिरवलं. सावनेरच्या एक्सचेंजवर संध्याकाळची ड्युटी यमुताईची होती. आवाज असा साफ, जसा शेजारच्या खोलीतून. श्रीधरनं विचारलं, ऐकू येऊन राहिलं का. ती म्हणाली, सगळं ऐकू येते, पण आधी त्या बाईचं पाहा. अर्ध्या तासापासून बोरटेकडीची घंटी वाजून राहिली. एकच बाई आहे, डॉक्टर मागते. तिले लई त्रास होऊन राहिला, दवाखान्यात निरोप धाडू का?

श्रीधर म्हणाला, फोन तर आत्ता पेटीतून काढला. तिले वाटलं हा गंमत करून राहिला. त्याले वाटलं ती करून राहिली. पण यमुताई गंमत करणारी बाई नव्हती.

"थांबा," ती म्हणाली. "पुन्हा आली ती."

खट्ट झालं.

मंग कोणीच बोललं नाही. नुसता श्वास. दमलेल्या माणसाचा. जवळ, अगदी कानाले लागून...

"डॉक्टर आले का?"

बारीक आवाज होता.

"...हे निघाले होते. दिवेलागणीलेच निघाले होते..."

श्रीधरनं देवरावकडे पाहिलं. खोलीत एवढं सामसूम होतं की त्यालेही ऐकू गेलं होतं. कंदील हलून राहिला होता. भिंतीवरच्या सावल्या हलून राहिल्या होत्या. देवरावनं कंदील खाली ठेवला. हात पुढं केला. श्रीधरनं रिसीव्हर दिला.

त्यानं तो कानाले लावला.

"इंदू," तो म्हणाला.

तिकडून नुसता श्वास...

"मी त्या रात्री गेलो नाही वं." त्यानं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "नाल्यापाशी बसलो होतो. अंधारात मले भेव वाटलं. पहाटे एक बैलबंडी आली. तिच्या मागं गेलो."

श्रीधर सांगे, श्वास थांबला. लाइन तुटली नव्हती. तुटलेली लाइन आमाले कानानं समजते. ते तसं नव्हतं. कोणी तरी ऐकून राहिलं होतं.

मंग तिकडून एकच शब्द आला.

"बरं."

बस. रागाचा नाही. मायेचाही नाही. श्रीधरले तो आवाज जन्मभर उलगडला नाही.

देवरावनं रिसीव्हर ठेवला. कोणाले सांगू नका, एवढंच म्हणाला. रात्रभर दोघं त्याच खोलीत बसून राहिले.  फोनकडे पाठ करायची हिंमत दोघांपैकी एकालेही झाली नाही.

देवराव वारला तवाच श्रीधरनं मले हे सांगितलं. तोवर वीस वर्षं उलटली होती. ते वीस वर्षं मात्र साऱ्यांनी पाहिले. गावातून डॉक्टरले फोन गेला की देवराव कंदील घेऊन निघे. पाऊस असो, थंडी असो. नाल्यापाशी जाऊन उभा राही, जीप येईपर्यंत. किती बाया वाचल्या त्या फोननं. उद्घाटन मात्र पुढं ढकलून झालं तवा तो समोरच्या खोलीत आला नव्हता.

आता माझ्या डोळ्यानं पाहिलेलं सांगतो. त्या शुक्रवारी सकाळी फोन मुका होता. हँडल फिरवून फिरवून श्रीधरचा हात दुखला. शेवटी तो लाइन पाहत पाहत सायकलनं निघाला, अन् लाइन लागेना म्हणून इकडून सावनेरहून मी शिडी घेऊन निघालो. नत्थूजीच्या कपाशीच्या वावरापाशी आमची गाठ पडली. तिथं रस्त्यापासून आत असलेल्या तीन खांबांमधली तार चोरानं कापून नेली होती. तसं नेहमीच होत होतं. मी म्हटलं, रात्री केलं असंल कोणी.

नत्थूजी वेचणीवर होता. तो म्हणाला, "रात्री कायले? काल चार वाजताच नव्हती. लोंबणारं टोक माझ्या बैलाच्या पायात गुंतलं. मीच सोडवून बाभळीले बांधलं."

वावरात पाच-सहा बाया कापूस वेचून राहिल्या होत्या. साऱ्याच हो म्हणाल्या.

श्रीधर वावराच्या धुऱ्यावर बसला. काय झालं म्हणून मी विचारलं, तर एवढंच म्हणाला, काल सव्वासातले याच तारेवर यमुताईशी बोललो. दुपारी मी एक्सचेंजवर गेलो. यमुताईच्या रजिस्टरात तिच्याच अक्षरात होतं... पावणेसात, बोरटेकडी, बाई, डॉक्टर पाहिजे.

नवी तार मीच ओढली. मोजूनच ओढावी लागते.

अडीचशे हात लागली.