दहावी ऑर्डर

बाखची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्याची आत्या माझ्या पाठीमागे कागद जाळत होती.

आमच्या ह्युए शहरात सकाळचं पहिलं गिऱ्हाईक काही न घेता गेलं, की त्या दिवशीचा धंदा बसला असं समजतात. मग दुकानदार कागद पेटवून त्या गिऱ्हाइकाची अवदसा बाहेर हाकलतात. त्या सकाळी न्यान आत्यांच्या छापखान्यात मी पहिलीच गेले होते, आणि घ्यायला नाही, भांडायला गेले होते. भांडण आटोपून पायऱ्या उतरले तर मागून जळका वास आला. वळून पाहिलं, तर बाई पेटता कागद दारात ओवाळत होत्या. माझ्या नावाने! इतका संताप आला की रेनकोट हातातच आहे आणि आपण भिजतोय, हेही कळलं नाही.

"अहो, थांबा..." एक मुलगा पावसात धावत आला. बोटांना शाई लागलेली, केस कपाळाला चिकटलेले. "एक काहीतरी छापून घ्या. काहीही. नाहीतर आत्या आज दिवसभर माझ्यावर डाफरेल."

"मी अवदसा आहे ना? मग परत कशाला बोलावता?"

"अवदसा इतकी..." तो म्हणाला आणि अडकला. त्याचे कान लाल झाले. "म्हणजे, मी कधी पाहिली नव्हती. आज पाहिली तर एवढी वाईट नाही दिसत."

मला हसू आलं आणि हसू आल्याचाही राग आला. शेवटी मी एक कप छापून घेतला. त्यावर काय छापू, असं त्याने विचारलं, तर म्हटलं, काही नको, कोराच द्या. त्याने मुकाट्याने कोरा कप यंत्रात घातला, काढला, आणि आत्यांना दाखवून म्हणाला, झाली बोहनी.

भांडण कशावरून होतं तेही सांगते. मी अमेरिकेतल्या लोकांना टी-शर्ट विकत होते. चित्र मी काढायचं, दुकान फोनवर मांडायचं, आणि ऑर्डर आली की मगच न्यान आत्यांकडे शर्ट छापून पाठवायचा. घरात माल भरून ठेवायची भानगड नाही. फक्त मापाचा तक्ता मी आपला, इथला लावला होता. आमच्याकडे ज्याला एल म्हणतात तो तिकडच्या दहा वर्षांच्या पोराचा शर्ट असतो, हे मला माहीत नव्हतं. चौदा शर्ट गेले, अकरा परत आले, आणि त्यांच्या छपाईचे पैसे मी भरायचे की आत्यांनी सोडायचे, यावरून आमचं भांडण. ओहायोतल्या एका आजोबांनी फोटो पाठवला होता. शर्ट छातीवर येऊन अडकलेला, दोन्ही हात वर, आणि खाली अगदी सभ्यपणे लिहिलेलं, की हा काढायला मला शेजाऱ्याला बोलवावं लागलं.

हसण्यावारी न्यावं असं ते नव्हतं. दोंग बा बाजारात बरणीत मुरवलेली आंबट कोळंबी विकणाऱ्या माझ्या आईने मला मुदत दिली होती. नोव्हेंबर संपेपर्यंत दहा ऑर्डरी हव्यात, त्याही अनोळखी माणसांच्या आणि परत न आलेल्या. नाहीतर एक डिसेंबरला जपानच्या कागदांवर सही. तिथल्या कारखान्यात तीन वर्षं डब्यांत मासे भरायचे. गल्लीतल्या निम्म्या मुली गेल्या होत्या आणि पैसे पाठवत होत्या. आईचं काही चूक नव्हतं. पण मला जायचं नव्हतं. मला ह्युएमध्येच राहून स्वतःचं काहीतरी उभं करायचं होतं, आणि त्या मोजक्या आठवड्यांत ते जमेल असं मला एकटीलाच वाटत होतं.

एकटीला म्हणजे, बाखला भेटेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. कपाचं निमित्त होतं. त्याने शर्टचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, शर्ट सोडून द्या. मी म्हटलं, तुमचं पोट तर शर्टांवर चालतं. तो म्हणाला, "म्हणूनच सांगतो ना. इथून गेलेलं काय काय परत येतं ते मी रोज बघतो."

मग दुपारच्या सुट्टीत, शिंपल्यांचा भात खाता खाता, आमची शाळा भरू लागली. तो एकेक वस्तू टेबलावर आणून ठेवायचा. कप वाटेत फुटतात. उशी हलकी, पण जागा एवढी खाते की टपालात कमाई जाते. चादरीवर पैसे बरे सुटतात, पण एक परत आली की दहांची कमाई गेली. मी विचारलं, मग उरलं काय? तो म्हणाला, वस्तू नंतर. आधी घेणारं कोण, ते सांगा.

"कुणीही. सगळे."

"सगळे म्हणजे कोण? एकाचं नाव सांगा."

मला एक नाव सांगता येईना. महिनाभर विकत होते, आणि विकत घेणारं माणूस कोण याचा मी एकदाही विचार केला नव्हता. घरी जाऊन शर्टांबद्दल आलेली सगळी पत्रं पहिल्यांदा नीट वाचली. ओहायोच्या आजोबांनी खाली आणखी दोन ओळी लिहिल्या होत्या. शर्टवरचा कुत्रा हुबेहूब त्यांच्या मेलेल्या कुत्र्यासारखा होता, म्हणून तो घेतला होता. शर्ट बसत नाही, पण टाकवतही नाही, म्हणून हा परत पाठवत नाहीये.

मी ते तीनदा वाचलं. आमच्या घरी आम्ही माझ्या आजोबांच्या तिथीला दरवर्षी त्यांच्या आवडीचं जेवण रांधतो, पान वाढतो, त्यांच्याशी बोलतो. त्या माणसाकडे तसं काहीच नव्हतं. नुसता न बसणारा शर्ट.

त्यावरून मला सुचली, तळहाताएवढी लाकडी चकती. तिच्यावर कुत्र्याचं चित्र, नाव, जन्माचं आणि मरणाचं साल. नाताळच्या झाडावर लटकवायची, आणि नाताळ संपला की भिंतीवर. तिला माप नाही, ती फुटत नाही, वजन चिठ्ठीएवढं. आणि प्रत्येकीवर वेगळं नाव, म्हणजे हीच दुसरीकडे स्वस्त मिळते असं कुणी म्हणायचं नाही. बाखला सांगितलं तेव्हा तो कितीतरी वेळ माझ्याकडे नुसता बघत राहिला. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "काही नाही. चकतीचा विचार करतोय." खोटारडा. चकती टेबलावर होती आणि तो माझ्याकडे बघत होता.

आईने नाक मुरडलं. मेलेल्यांच्या नावावर धंदा! न्यान आत्या तर म्हणाल्या, बोहनीच मरणाची, पुढे काय वाढून ठेवलंय कोण जाणे. पाच दिवस एकही ऑर्डर आली नाही आणि मला त्यांचं पटायला लागलं. सहाव्या दिवशी मी बाखला म्हणाले, बहुतेक जपानच. सातव्या दिवशी अमेरिकेतल्या सान होजेहून पहिली ऑर्डर आली. काळा कुत्रा, नाव मुक, बारा वर्षं जगला. मी छापखान्यात अक्षरशः नाचले. बाखने चकतीची कड पॉलिश पेपरने इतकी घासली की आत्या ओरडल्या. मग चार आल्या, मग आणखी दोन. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंच नाही. पावसाने वीज गेली की आम्ही दारात उभे राहायचो, खांद्याला खांदा जेमतेम लागेल एवढ्या अंतरावर, आणि वीज लवकर येऊ नये असं मला वाटायचं.

नोव्हेंबरच्या मध्यावर आत्यांनी मुकची चकती पुन्हा एकदा फोनवर पाहिली आणि सहज म्हणाल्या, "अगदी आमच्या मुकसारखा. कानसुद्धा तसाच पडलेला."

मुक म्हणजे शाई. आमच्याकडे दर तिसऱ्या काळ्या कुत्र्याचं नाव मुक असतं. अमेरिकेत कुणाच्या कुत्र्याचं असेल? मी बाखकडे पाहिलं. तो यंत्राकडे पाहत होता, आणि यंत्र बंद होतं.

"तूच ना?"

"मावसभाऊ राहतो तिथे. त्याला सांगितलं. मुक खरा होता, दिएप. माझाच होता." मग हळूच म्हणाला, "तू हार मानत होतीस..."

"मी हार मानत होते की नाही, ते मला ठरवू द्यायचं. त्या एका ऑर्डरीच्या जोरावर मी जपान डोक्यातून काढून टाकलं, बाख. हे लोकांना हवंय असं समजून मी आयुष्य ठरवत होते. आणि लोक नव्हतेच. तू होतास."

मी ती ऑर्डर यादीतून खोडली आणि छापखान्यात जायचं बंद केलं. चित्रं फोनवर पाठवायची, चकत्या टपालात जायच्या. कडा मात्र तशाच घासलेल्या असायच्या, गिऱ्हाइकांच्या फोटोंत दिसायचं. मला त्याचा राग होता आणि त्याच्याशिवाय दुपार सरत नव्हती. दोन्ही खरं होतं.

तीस नोव्हेंबरला सकाळी माझ्या खऱ्या ऑर्डरी होत्या नऊ.

दुपारी तीनपर्यंत नऊच. बाखला तो आकडा माहीत होता, छापत तोच होता. फोन वाजला. त्याचा एवढाच निरोप, "आज दहा वेळा भावाचा नंबर काढला. लावला नाही." तो वाचून मी बाजारातल्या गर्दीत, कोळंबीच्या बरण्यांमध्ये बसून रडले. एक फोन केला असता तर मी इथे राहिले असते. तरी त्याने तो केला नाही... माझ्यासाठीच केला नाही.

आईने हात पुसले. "किती झाल्या?"

"नऊ." मग म्हटलं, सांगायचंच तर सगळं सांगावं. "खरं तर माणसं आठच. मेन नावाच्या राज्यातल्या एका बाईने दोनदा घेतली."

आईचा बरणीवरचा हात थांबला. "तीच बाई? परत आली?"

"हो. पहिली पोचल्यावर बहिणीच्या कुत्र्यासाठी मागवली."

"स्वस्त देते म्हणालीस का तिला?"

"नाही."

समोरच्या गिऱ्हाइकाला आईने थांबवून ठेवलं. मग म्हणाली, "दहा माणसं तर वाट चुकूनही येतात. मी या जागेवर बसले, तेव्हा पहिलं माणूस परत यायला मला दोन महिने लागले होते. तुला इतक्यात आलं." आणि बरणीचं झाकण लावत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या जपानवाल्यांना उद्या नाही म्हणून कळव. मला लाज वाटेल, तू कळव."

मी बाजाराबाहेर आले. पाऊस होताच. दाराशी मोटरसायकल लावून बाख उभा होता. अंगावर नवाकोरा हिरवा रेनकोट, घड्यांच्या रेषाही मोडल्या नव्हत्या. मोटरसायकलवर दोघांनी मिळून घालायचा, दोन टोप्यांचा, एक चालवणाऱ्याची आणि एक मागे बसणाऱ्याची. मागची टोपी रिकामी लोंबत होती आणि तिच्यातून पाणी सरळ त्याच्या पाठीवर जात होतं.

"निकाल कळला का तुला?" मी विचारलं.

"नाही."

"मग हा कधी घेतलास?"

"सकाळी."

"आणि मी जाणार असते तर?"

"दुकानवाली म्हणाली, परत घेणार नाही."

"ऑर्डर आल्याशिवाय मालाला हात लावायचा नाही, यावर तर आपला सगळा धंदा. आणि तू..."

"तो धंदा आहे," बाख म्हणाला. "हे दुसऱ्या कुणाला विकायचं नव्हतं. तू आली नसतीस, तर मी असाच भिजत फिरलो असतो."

माझा सगळा राग कुठे गेला कोण जाणे. मी म्हटलं, "मी जात नाहीये. आणि मला तू आवडतोस, बाख. रागावले होते तेव्हाही आवडत होतास, म्हणून तर जास्त रागावले."

तो मोटरसायकलवर बसला. त्याने मागची टोपी झटकून पाणी काढलं आणि माझ्यासाठी वर उचलून धरली. मी मागे चढून आत शिरले, डोकं बाहेर काढलं. आतून त्याची पाठ पूर्ण ओली होती, आणि मी तिला टेकून बसले.