शालिनीकाकूंचा डबा

खरं वाटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या. मला कुणाला काही पटवून द्यायचं नाही. मृदुलाताई माझी सख्खी मावसबहीण. तिच्या तोंडून हे मी दोनदा ऐकलं. मध्ये चार वर्षं गेली होती, तरी सांगण्यात तसूभर फरक पडला नाही. थापा मारणाऱ्याला एवढं लक्षात राहत नाही.

आणि यात अमावास्या नाही, पिंपळ नाही, बाराचे ठोके नाहीत.

वीस मे १९९८. बुधवार. भर दुपारचे अडीच.

जागा म्हणाल तर छोटा उदेपूरच्या पुढे, एका धरणाच्या कामासाठी बांधलेली सरकारी वसाहत. धरणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे अजून लोक राहतात.

त्या उन्हाळ्यात ताईच्या नवऱ्याच्या, सलीलभाऊजींच्या, डोक्यात तंबूचं खूळ शिरलं होतं. दारात नवी कोरी ओम्नी आलेली. टीव्हीवर रोज कोणी ना कोणी गाडी घेऊन डोंगरात निघालेलं दिसायचं. मग हा माणूस कसला गप्प बसतो! लहरीपुऱ्याच्या बाजारातून त्यांनी एक जुना खाकी तंबू पैदा केला. बेत असा, की बडोद्याहून निघायचं, वाटेतल्या एकेका मित्राकडे जेवायचं, रात्री नदीकाठी तंबूत झोपायचं आणि असं करत इंदूर गाठायचं. बरोबर ताई आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी संपदा.

ताईला दोन काळज्या. एक म्हणजे संपदा. त्या पोरीला जेवण म्हणजे शिक्षा वाटायची. एका पोळीला तास लागायचा. हाडं मोजून घ्यावीत अशी झाली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हिचं वजन आणखी उतरता कामा नये.

दुसरी काळजी तिची स्वतःची. ताईला किळस फार. परक्या घरचा पेला ती आधी उजेडात धरून बघायची आणि मगच पाणी प्यायची. आम्ही तिला यावरून पुष्कळ चिडवलंय. आता नाही चिडवत.

तर पहिला मित्र आनंद. भाऊजींबरोबर कॉलेजात होता. धरणावर इंजिनियर, लग्न व्हायचं होतं, वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये आईबरोबर राहायचा. फोन लागेना म्हणून भाऊजींनी आठ दिवस आधी पत्र टाकलं होतं. उत्तर आलं नाही. आनंद पहिल्यापासून आळशीच, असं म्हणून भाऊजी मोकळे झाले.

वसाहतीत शुकशुकाट होता. सुट्टीत सगळे आपापल्या गावी गेलेले. गाडीचं दार उघडलं तशा माश्या आत घुसल्या. मे महिना, आंब्याचे दिवस, जिकडेतिकडे माश्याच माश्या.

आनंदच्या क्वार्टरचं दार उघडं होतं.

दारात शालिनीकाकू उभ्या होत्या. आनंदची आई.

"पत्र मिळालं," त्या म्हणाल्या. "पानं वाढलीच आहेत. हात धुऊन घ्या."

आनंद साइटवर गेलाय, येईलच, असंही म्हणाल्या. आत जमिनीवर पाट मांडलेले होते. चार पाट. चौथा आनंदचा. पुऱ्या, बटाट्याची भाजी, आणि वाट्या रिकाम्या. काकू पाटांसमोर बसल्या, टोपलीतला एकेक आंबा उचलून मुठीत पिळायला लागल्या. थेट वाटीत. रस त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता आणि कोपरावरून पुन्हा वाटीत ठिबकत होता. नखांच्या कडा काळ्या होत्या.



ताईने वाटी हातात घेतली तर ती कोमट होती. आंब्याचा वास होता, नाही असं नाही. पण त्याच्या खालून दुसरा एक वास येत होता... कपाटामागे उंदीर मेला की तिसऱ्या दिवशी येतो तसा.

आणि मग तिच्या लक्षात आलं.

रसाच्या चार वाट्या उघड्या होत्या. जमिनीवर रस सांडला होता. काकूंचे हात कोपरापर्यंत माखलेले होते.

पण एकही माशी नव्हती.

एकसुद्धा नाही. बाहेर गाडीवर थवे बसलेले आणि इथे काही नाही. फक्त आतल्या खोलीच्या बंद दारामागून एकसारखी गुणगुण येत होती. पंखा असेल, ताईने स्वतःला समजावलं. मग तिने वर पाहिलं.

वीज नव्हती. डोक्यावरचा पंखा बंद होता.

"माझा आज उपास आहे काकू," ती पटकन बोलून गेली. साफ खोटं. बुधवारी तिने जन्मात उपास केला नव्हता.

काकूंनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"असू दे. तुझं मी ठेवते. पानात टाकायचं नाही, हं."

भाऊजींनी दोन पुऱ्या खाल्ल्या आणि ताट सरकवलं. संपदाने मात्र अकरा पुऱ्या खाल्ल्या. ताईने मोजल्या. जी पोर घासासाठी रडवायची, ती वाटीत तोंड घालून रस चाटत होती. आई म्हणून आनंद व्हायला हवा होता. ताई म्हणते, मला आनंद झाला नाही, मला तिची शिसारी आली. पोटच्या पोरीची. हे सांगताना तिचा आवाज अजून खाली जातो.

निघताना काकूंनी स्टीलचा डबा हातात दिला. झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं होतं, आपल्याकडे भांड्यांवर कोरून घेतात तसं.

"मृदुलाचा वाटा आहे यात. डबा तेवढा परत कर. रिकामा नको, हं."

हे तर आपल्याकडे शेजारीणसुद्धा म्हणते. कोणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. बडोद्यातल्या कुठल्याही मराठी घरात लेकीसुनांना हे सांगावं लागत नाही. ताईने मान हलवली आणि गाडीत बसली.

संध्याकाळी उजेड असतानाच नदीकाठी तंबू ठोकला. ताईने डबा उघडला.

आत काळं काहीतरी होतं. घट्ट, तार सुटलेलं. त्यात पांढरं वळवळत होतं... तांदळाच्या दाण्याएवढं, पुष्कळ.

तिने तिथेच भडभडून उलटी केली. डबा लांब नेऊन झुडपात उपडा केला, वर माती लोटली आणि वाळूने तीनदा घासला. भाऊजी तंबूमागे ओकत होते, ते पुढे तीन दिवस ओकत राहिले.

पहाटे फटफटलं तेव्हा संपदा अंथरुणात नव्हती.

ती झुडपाजवळ होती. दोन्ही हात जमिनीवर टेकून, मान खाली घालून. ताईने तिला मागून धरून ओढलं. पोरीचं तोंड मातीने बरबटलं होतं आणि ती चघळत होती.

"आजीने सांगितलंय ना, टाकायचं नाही म्हणून," संपदा म्हणाली.

ताईने तिच्या तोंडात बोटं घालून ते बाहेर काढलं. काय काढलं ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ते तडक वसाहतीत परत गेले. जाब विचारायला.

दाराला कुलूप होतं. कुलपावर लाखेचं सील. खिडकीच्या जाळीला आतून काळा पडदा लावलाय असं वाटलं. जवळ जाऊन पाहिलं तर तो पडदा नव्हता. मेलेल्या माश्या होत्या. जाळीला चिकटून वाळलेल्या, थरावर थर.

चौकीदार धावत आला. "बेन, त्यां कोई नथी," तो म्हणाला, तिथे कोणीच नाही. मग जे सांगितलं ते असं. अखात्रीजला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, म्हाताऱ्या बाई एकट्याच होत्या. साहेब साइटवर अडकले, चार दिवस आलेच नाहीत. पाचव्या दिवशी खिडकी माश्यांनी काळी झालेली दिसली म्हणून दार फोडलं. बाई आतल्या खोलीत होत्या. पुढच्या खोलीत पाट मांडलेले, टोपलीत आंबे, अर्धवट काढलेला रस. साहेब अस्थी घेऊन नाशिकला गेले, ते तिकडेच आहेत.

अक्षय्य तृतीया होऊन तीन आठवडे झाले होते.

भाऊजींनी वाकून दाराखालच्या फटीतून पाहिलं. आत त्यांचं स्वतःचं पत्र पडलं होतं.

फोडलेलं. त्यावर पिवळी बोटं उमटली होती.

इंदूर राहिलं. दुपारपर्यंत ते बडोद्याला, रावपुऱ्यात घरी पोचले. डबा गाडीतच राहिला होता, हे घरी आल्यावर कळलं.

त्या दिवसापासून संपदाने अन्नाला तोंड लावलं नाही. वरण-भात दिला की थुंकायची. दूध दिलं की ओकायची. "आजीचं दे," एवढंच. सहाव्या दिवशी सलाइन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर मी काही सांगू शकत नाही. आठव्या दिवशी ताईला ती माळ्याखाली सापडली. मांडीवर तो डबा. कोरडा, घासलेला डबा, आणि पोर त्यात बोट फिरवून फिरवून चोखत होती.

भाऊजींचं म्हणणं, विश्वामित्री नदीत फेकून देऊ. ताई नको म्हणाली. तिने आपल्यापुरता विचार केला होता. भरून डबा परत करायचा म्हणजे येणंजाणं चालू ठेवायचं. तेच तर तोडायचंय. डबा परत द्यायचा, आणि रिकामाच द्यायचा. अशी रीत मोडायला तिला किती जड गेलं असेल ते आपल्या बायकांनाच कळेल.

तिच्या सासूबाई, अहल्याबाई, बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या. डबा त्यांनीच पिशवीत घातला.

ताई आणि भाऊजी भर दुपारी गेले. सील लावलेल्या दाराशी डबा ठेवला आणि मागे न बघता निघाले.

त्या संध्याकाळी संपदाने दहीभात मागून खाल्ला. सगळं घर रडलं.

एक वर्ष गेलं. पोरगी अंगाने भरली. मग पुढची अक्षय्य तृतीया आली.

सकाळी ताई मागच्या ओट्यावर गेली. तिथे डबा होता. झाकणावर तेच नाव. डबा कोमट होता.

शेजारी केराची बादली माश्यांनी भरलेली होती. डब्यावर एकही माशी नव्हती.

अहल्याबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"रिकामा कसा द्यायचा गं... मी चिमूटभर साखर घातली होती."

घरातून संपदाचा आवाज आला. झोपेतून उठलेला, खूश. "आई, आजीचा वास येतोय."

ताई म्हणते, त्या क्षणी मला सगळं कळलं. टाकलं तर पोर माती चाटणार. ठेवलं तर पोर खाणार. आणि तो वाटा पोरीचा नव्हताच. काकूंनी स्वच्छ सांगितलं होतं, मृदुलाचा वाटा.

तिने डबा उचलला, मोरीत गेली आणि आतून कडी लावली. बाहेर संपदा दारावर धडका मारत होती.

परक्या घरचं पाणी उजेडात धरून पिणारी माझी ताई. तिने झाकण उघडलं. वर केशरी रस होता. बोट घातलं तर खाली काळं. तिने नाक धरलं नाही, कारण दोन्ही हात लागत होते. वर यायचं तेव्हा ती पुन्हा गिळायची. जिभेवर हलायचं. कडेचं, तळाचं, झाकणाला लागलेलं, सगळं तिने बोटाने निपटून खाल्लं. पानात काही टाकलं नाही.

मग तिने डबा धुतला, स्वतःच्या हाताने नेला आणि त्याच दाराशी रिकामा ठेवून आली.

तो डबा पुन्हा आला नाही. संपदा आता पंधरा वर्षांची आहे. धडधाकट आहे, चार पोळ्या खाते. तिला यातलं काही आठवत नाही.

इथे मला थांबता आलं असतं.

गेल्या रविवारी मी प्रतापनगरहून रावपुऱ्यात ताईकडे जेवायला गेलो. आमरस होता. ताईच्या घरी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. माझ्या वाटीवर, भाऊजींच्या वाटीवर माश्या घोंगावत होत्या. मी एका हाताने वारत जेवत होतो.

ताईच्या ताटावर एकही माशी नव्हती.

रस वाढायला ती जवळ आली तेव्हा तिच्या हातावरून एक माशी सरळ उलट फिरली. ताई हसली. वाटीतला निम्मा रस मी तसाच ठेवला. पोट बिघडलंय म्हणालो.

"असू दे. तुझं मी ठेवते," ताई म्हणाली.

निघताना तिने माझ्या हातात एक डबा दिला. नवा आहे. झाकणावर तिचंच नाव कोरलंय.

"परत आणून दे. रिकामा नको, हं."

आज गुरुवार. चार दिवस झाले, डबा माझ्या ओट्यावर आहे. मी उघडलेला नाही. बायको विचारते, मी उद्या म्हणतो. खाली चाळीत आंब्याच्या साली पडल्यात, सगळा जिना माश्यांनी भरलाय.

आमच्या स्वयंपाकघरात रविवारपासून एक माशी आलेली नाही.

आणि डबा अजून कोमट आहे...