लाल भुकटी

विमल गावितने पुडी उलगडून पैलू पाडलेले हिरे 'उगमदर्शका'च्या काचेखाली ठेवले. बंदूकवाल्या टोळ्यांच्या खाणींतले हिरे रोखणारा कायदा झाला, तेव्हा तिने नवापूरच्या आपल्या कारखान्यात पेढे वाटले होते. आता प्रत्येक हिरा या यंत्रापुढून जाई. यंत्र लेझरने त्याचा केसाहून पातळ थर जाळी आणि त्या वाफेवरून तो कुठल्या खाणीतला ते ओळखी. टोळीचा निघाला, की लाल दिवा.

विमल निर्धास्त होती. माल आमिनाताच्या खाणीतला होता. नवऱ्याला टोळीने मारल्यावर या आफ्रिकन बाईने गावच्या बायकांची सोसायटी काढून ती खाण सोडवली होती.

लाल दिवा लागला. दुसऱ्या हिऱ्यालाही लागला, मग सगळ्यांनाच.

"यंत्र बिघडलंय, बोरसे साहेब!"

"कालच तपासलंय, ताई," तपासणीला आलेले सरकारी निरीक्षक बोरसे म्हणाले. "सोसायटीचा परवाना आता रद्द होणार."

परवाना गेला की खाण पुन्हा टोळीच्या घशात, आणि आमिनाताला ते जिवंत सोडणार नव्हते.

"तिचाच न घासलेला कच्चा खडा लावून बघा. हात जोडते तुम्हाला."

बोरसेंनी तो लावला. दिवा हिरवा!

दोघांची नजर एकदमच घासायच्या चकतीकडे गेली. हिरा हिऱ्यानेच घासला जातो; चकतीला हिऱ्याची भुकटी तेलात कालवून फासतात. तिचेच कण हिऱ्यांच्या अंगात रुतले होते, आणि यंत्र वाचत होते तो वरचाच थर.

"भुकटी कुणाकडून घेतलीत?"

"या खेपेला सरकारी लिलावातून. तुमचंच सील आहे डब्यावर. म्हटलं, सरकारी माल, त्यात कसली खोट?"

बोरसेंचा चेहरा उतरला. जप्त केलेले हिरे कायद्याने दळले जात आणि भुकटी विकली जाई. दळल्यावर कसला आलाय उगम, असे कायदा लिहिणाऱ्या शहाण्यांनी खुशाल धरून चालले होते.

"मग भुकटीमुळे लाल आले, असं लिहा ना!"

"तपासणी तयार मालाचीच धरतात, ताई. लाल म्हणजे लाल." खाली बघतच त्यांनी हिरे दळणाच्या पिशवीत ओतले.

फोन वाजला. पडद्यावर आमिनाताचे नाव होते. विमलने तो तसाच वाजू दिला. तिने बोरसेंची पिशवी धरली.

"साहेब, हे दळून झालं, की पुढच्या लिलावात कुणाला विकणार?"