निवटीची चाचणी

ट्रॉम्बेसमोर खाडीत नांगरलेल्या एका जुन्या बार्जपर्यंत दिवसाढवळ्या जायचं, तिच्या पोटावर खडूने एक गोल काढायचा आणि तोवर कुणाच्याही नजरेस पडायचं नाही! एकोणीसशे सत्तावन्न सालच्या एका रविवारी आम्ही तिघं कांजूरच्या तिवरांतून निघालो ते एवढ्याच कामासाठी. पहारा नौदलाच्या लाँचचा आणि बार्जवरच्या माणसांचा होता. मुदत दुपारी बारापर्यंत.

होडी विद्याधर कर्णिकांची. कर्णिकसाहेब विक्रोळीच्या कारखान्यात इंजिनियर. स्वभाव असा, की रेघ वाकडी आली तर आधी पट्टीवर संशय घेतील. मी लवू परब, त्याच कारखान्यातला फिटर. दोन वर्षं रविवारच्या झोपेवर पाणी सोडून आम्ही ती बांधली होती: अठरा फूट लांब, पाण्यावर जेमतेम वीतभर दिसणारी, ताशी बावीस सागरी मैल पळणारी. धुराची नळी साहेबांनी मागे पाण्याखाली सोडली होती, त्यामुळे इंजिनाचा आवाज पाण्यातच मुरायचा. ती जवळून गेली तरी बगळा मान वळवत नसे!

साहेबांचा धाकटा भाऊ नंदकुमार नौदलात होता, शत्रूच्या किनाऱ्यावर गुपचूप उतरणाऱ्या तुकडीत. ती पोरं अजून रबरी होडीत बसून हाताने वल्ही मारत. परतताना कुणी पाहिलं तर पळायला वेग कुठला? चाचणी जमली तर अशा सहा होड्या बांधायच्या आणि पहिली नंदकुमारच्या तुकडीला द्यायची, असं ठरलं होतं. भावाच्या काळजीने साहेबांचा आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

तिसरी रुक्मिणीबाय, कांजूरच्या कोळीवाड्यातली. तिचं सगळं आयुष्य चिखलात चिंबोऱ्या आणि निवट्या पकडण्यात गेलेलं. निवटी म्हणजे ओल्या चिखलावर टणाटण उड्या मारणारी मासळी. आमची होडी पाहताच बाईने तिला तेच नाव ठेवलं. वाट दाखवायला तिला त्या दिवशी पहिल्यांदाच घेतलं होतं.

निघताना ती म्हणाली, "आज आठम हाय, साहेबा. आज नको जाव."

साहेबांना वाटलं, बाई मुहूर्त बघतेय. असल्या गोष्टींचा त्यांना भारी तिटकारा. मागच्या रविवारी याच वेळी आतल्या ओढ्यातून होडी सुळकन गेली होती, असं त्यांनी तिला समजावलं आणि दोरी सोडली. मीही हसलो. आमच्या घरी आठम म्हणजे आईचा उपास, दुसरं काय!

पहिला तास झकास गेला. दोन्ही बाजूंना तिवरांच्या दाट भिंती, त्यांच्या मुळांवर लाल खेकडे, लांब मिठागरांवर चमकणारं ऊन. बाहेरच्या मोठ्या खाडीत लाँच फेऱ्या मारत होती. झाडांआडून तिचा नुसता झेंडा दिसायचा. आम्ही तिला समांतर दक्षिणेकडे सरकत होतो, आणि मला वाटत होतं की हे काम तर माझी धाकटी बहीणही करील.

मग होडी कुरकुरली. हलली. थांबली!

ओढ्यात पाणीच नव्हतं. समोर दोनशे हात नुसता काळा चिखल. मागच्या रविवारी अमावास्या होती, भर दुपारी खाडी काठोकाठ भरली होती. आठमीला त्याच वेळी ओहोटी असते. बाई पाण्याचं सांगत होती, आम्ही देवाचं ऐकलं!

साहेबांचं तोंड पांढरं पडलं. ते बाईकडे वळले आणि चूक माझी, एवढंच बोलले. रुक्मिणीबायने टोमणा मारला नाही. तिने पदर खोचला, खाली उतरली आणि दोन्ही हातांनी होडीला चिखल थापू लागली. उन्हात चकाकणारा राखी रंग बघता बघता नाहीसा झाला. मग तिने आम्हाला ढकलायला सांगितलं.

आम्ही ढकललं. तीन हात. दहा हात. घाम डोळ्यांत, शिंपल्यांनी पोटऱ्या फाटलेल्या. अर्ध्या वाटेवर माझा पाय खोल गेला. दुसरा रोवला, तोही गेला. मी कमरेपर्यंत आत! जेवढा धडपडलो तेवढा खचलो. ओरडलो असतो, पण झाडांपलीकडे लाँचची घरघर ऐकू येत होती.

"पोटावर पड रं! उभा राशील तर जाशील!" रुक्मिणीबाय दबक्या आवाजात म्हणाली आणि वल्हं आडवं टाकलं. मी त्यावर पालथा पडलो. साहेबांनी काखेत हात घालून मला उपसून काढलं. एक वहाण खाडीने ठेवून घेतली.

अकरा वाजून गेल्यावर होडी पुन्हा पाण्यात उतरली. समोर मोकळी खाडी, पलीकडे बार्ज. साहेबांनी इंजिन सुरू केलं. ते दोनदा खोकलं, होडीत काळा धूर भरला, आणि शंभर हातांवर जाऊन बंद पडलं.

"साहेब, नळयेत चिखल भरलो," मी म्हणालो.

तेवढ्यात लाँच वळली. सरळ आमच्याकडे! आम्ही होडीच्या तळाशी सपाट झोपलो. घरघर वाढत गेली.  लाँचच्या लाटेने होडी डुलली. कुणी तरी वर हसलं, आणि आवाज लांब गेला. ते आम्हाला वाहत आलेलं लाकूड समजले होते.

मी पाण्यात उतरलो. तापलेली नळी हाताने चाचपली, तारेने चिखल उकरला. तळवा भाजला, ओठ चावला. पुन्हा किल्ली. घर्र... लागलं! साहेबांनी होडी पूर्ण वेगाने सोडली. पाणी दोन्ही बाजूंना फाटलं. बार्जवरचे पहारेकरी खोल पाण्याकडे दुर्बिणी लावून बसले होते. चिखलाच्या बाजूने होडी येईल हे कुणाच्या स्वप्नात नव्हतं. बारा वाजायला सात मिनिटं असताना साहेबांनी गोल काढला!

चाचणी घेणारे नौदलाचे कमांडर चंद्रप्रकाश बार्जवरून वाकून तो बघत राहिले. मग खाली आले, प्रत्येकाचा चिखलाचा हात हातात घेतला आणि सहा होड्यांच्या मंजुरीचा कागद काढला. हात आगीसारखा जळत होता, तरी मला नाचावंसं वाटलं.

"पास करू नका," साहेब म्हणाले.

मला वाटलं, त्यांना ऊन लागलं. पण ते शांतपणे सगळं सांगत गेले. नळी चिखलाने तुंबते, ही खोट त्यांच्या आराखड्यातली. मोकळ्या पाण्यात होडी दहा मिनिटं मेल्यासारखी पडून होती. आम्ही वाचलो ते रुक्मिणीबायमुळे आणि नशिबाने. शत्रूच्या किनाऱ्यालाही चिखल असतो, तिथे रुक्मिणीबाय नसते. खरं सांगतो, मला त्यांचा भयंकर राग आला. पण खोटं एक अक्षर त्यात नव्हतं.

नवी नळी, नवी चाचणी, म्हणजे चार महिने, कमांडर म्हणाले. तोवर तुमचा भाऊ हातानेच वल्ही मारणार, त्याला काय सांगू?

साहेब भरल्या डोळ्यांनी हसले. "सांगा, भावानेच होडी अडवली. चिडेल तो. चिडू दे. चिडायला जिवंत तर राहील!"